सहा थोरांचे हात

कृतज्ञता हा गुण बहुतेक मनुष्यांत असतो. परंतु तो दूरच्या माणसांसाठी राखून ठेवण्याकडे आपला कल असतो. गुरूला आपण वंदन करतो, आश्रयदात्याचे गुण गातो, आणि जी व्यक्ती नित्य आपल्यासमोर येऊन बसते तिला फार तर "जरा सरळ बस" एवढेच सांगतो. हा दोष दुर्जनांतच आढळतो असे मुळीच नाही. उलट सालस, व्यासंगी आणि आपल्या कामात आकंठ बुडालेल्या माणसांत तो अधिक आढळतो, कारण त्यांना तो दाखवून देण्याचे धैर्य कोणी करीत नाही. ज्या चित्रकारांची ही हकीकत आहे ते असेच एक सज्जन गृहस्थ होते. आणि त्यांचा दोष जगासमोर आला तो एका चहाच्या कपामुळे.

चित्रकार व्यक्तिचित्रे काढीत. तरुणपणी त्यांनी गुरुगृही सात वर्षे काढली होती. पहिली दोन वर्षे कुंचले धुण्यात गेली, पुढची दोन रंग घोटण्यात, आणि पाचवे संपूर्ण वर्ष एका प्लास्टरच्या कानाचे चित्र पुन्हापुन्हा काढण्यात गेले. गुरूंनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. चेहरा माणसाला आयता मिळतो, पण हात तो स्वतः घडवतो, म्हणून हातांवाचून व्यक्तिचित्र पुरे करू नये, ही पहिली. आणि जे दिसते ते तसेच काढावे, त्यात रतीभर वाढवू नये की घटवू नये, ही दुसरी. या दोन आज्ञा चित्रकारांनी चाळीस वर्षे पाळल्या. न्यायालयात, बँकेत, ग्रंथालयात आणि रुग्णालयात मिळून त्यांनी रंगवलेले सदतीस थोर पुरुष सोनेरी चौकटींतून लोकांकडे पाहत होते, आणि प्रत्येकाचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गंभीरपणे विसावलेले होते.

अडचण एवढीच होती की थोर पुरुष चेहऱ्यासाठी वेळ देतात, हातांसाठी देत नाहीत. तीन बैठका होत, चेहरा उतरे, आणि मग ते घड्याळ पाहून म्हणत, "हातांचं तुम्ही बघून घ्या. कोट ठेवून जातो." कोट राही. तो कोट चित्रकार आपल्या पत्नीच्या अंगावर चढवीत, तिला त्याच खुर्चीत बसवीत, तिची मनगटे खुर्चीच्या टोकावरून खाली वाकवीत (त्यायोगे भारदस्तपणा येतो) आणि म्हणत, "आता हलू नकोस." गुरूंची पहिली आज्ञा अशा रीतीने पाळली जाई. दुसरीही पाळली जाई, कारण समोर जे हात दिसत ते चित्रकार अगदी जसेच्या तसे काढीत. हे हात त्या गृहस्थांचे नव्हेत, हा विचार पहिली दोन-तीन वर्षे त्यांना टोचला; पुढे तो टोचेनासा झाला.

पत्नींना या बैठकांची गंमत वाटे. कोटावरून माणूस ओळखण्याची कला त्यांना साधली होती. "या साहेबांना राग फार येत असणार. सगळी बटणं सैल आहेत बघा," असे त्या म्हणत; किंवा, "ग्रंथपालांच्या खिशात शेंगदाण्याची टरफलं आहेत हो! आणि वाचनालयात पाटी काय, तर खाऊ नये."

"अगं, बोलू नकोस. बोललीस की बोटं हलतात."

एकदा त्या न्यायमूर्तींच्या काळ्या झग्यात बसल्या असता दार वाजले. त्या तशाच उठून गेल्या. पोस्टमनने ताठ उभे राहून सलाम ठोकला आणि अदबीने विचारले, "साहेब, वहिनी आहेत का घरात?"

असो. अडतिसावे चित्र रुग्णालयातील प्रमुख शल्यविशारदांचे होते. ते निवृत्त व्हायचे होते. रुग्णालयाच्या दालनात पाच थोरांची चित्रे आधीच होती, हे सहावे; रविवारी अनावरण ठरलेले. शल्यविशारद दोन बैठकांना पूर्ण बसले, तिसरीतून अर्ध्यात उठून पळाले, आणि कोट तेवढा खुर्चीवर राहिला. पुढचे ठरल्याप्रमाणे झाले.

बुधवारी सकाळी चित्र पाहण्यासाठी दोन माणसे आली. एक रुग्णालयाचे कार्यवाह. हे गृहस्थ नियमांचे पुस्तक केवळ जवळ बाळगीत नसत, ते त्यांना पाठ होते. दुसऱ्या मुख्य परिचारिका, ज्यांना सारे रुग्णालय सिस्टर म्हणे.

"वा, चित्रकारसाहेब!" कार्यवाह म्हणाले. "साक्षात डॉक्टर! आता बोलतील असं वाटतं."

"बोलले तर ओरडतील," सिस्टर म्हणाल्या. त्या पुढे झाल्या, वाकल्या आणि चष्मा वर-खाली करून पाहू लागल्या. "चेहऱ्याचं मी काही सांगत नाही. पण हे हात डॉक्टरांचे नाहीत."

चित्रकार घाईने खिडकीकडे वळले. "प्रकाशामुळे तसं वाटतं, सिस्टर."

"अठ्ठावीस वर्षं मी त्या हातांत कात्री देतेय. चेहऱ्यावर कायम फडकं. मला विचाराल तर डॉक्टर म्हणजे दोन डोळे आणि दोन हात. हे ते हात नव्हेत."

"वयानुसार हात बदलतात."

"सोमवारपासून बदलले?"

"नाही, म्हणजे, डॉक्टर स्वतः बसले होते ना. याच खुर्चीत. गेल्या मंगळवारी." हे वाक्य तोंडून का निघाले ते चित्रकारांनाही सांगता आले नसते. असत्याची सवय नसलेला मनुष्य असत्य बोलू लागला की तो वारही सांगतो.

"गेल्या मंगळवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सात डॉक्टर ऑपरेशनला उभे होते," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "मी शेजारी होते."

नेमक्या याच क्षणी पत्नी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप कार्यवाहांपुढे धरला, कार्यवाहांनी हात पुढे केला, आणि कप दोघांच्या मधल्या मध्ये निसटून थेट कार्यवाहांच्या मांडीवर रिकामा झाला. कार्यवाह उडी मारून उभे राहिले.

"अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" चित्रकार कळवळून म्हणाले. "या महिन्यातला हा तिसरा कप!"

"चौथा," पत्नी ओशाळून म्हणाल्या. "एक तुम्हाला सांगितला नव्हता."

सिस्टरांनी भाजले की काय ते पाहण्यासाठी पत्नींचा हात हातात घेतला. भाजले नव्हते. तरी त्यांनी तो लगेच सोडला नाही. हाताकडे पाहिले, चित्राकडे पाहिले, पुन्हा हाताकडे पाहिले, आणि आपल्याजवळचा स्वच्छ रुमाल कार्यवाहांना दिला.

पण भिजलेल्या माणसाची बुद्धी फार तीक्ष्ण होते. विजार पुसता पुसता कार्यवाहांची नजर चित्रातल्या करंगळीवर खिळली. "ही वाकडी करंगळी मी कुठंतरी पाहिली आहे. आमच्या दालनात! संस्थापकांची करंगळी अशीच आहे. हो की नाही, पेंटर?"

'चित्रकारसाहेब' वरून 'पेंटर' वर आले, तेव्हाच चित्रकारांनी ओळखले की प्रकरण हाताबाहेर चालले आहे.

"उद्या सकाळी दहाला रुग्णालयात या," कार्यवाह दारातून म्हणाले. "सगळी चित्रं खाली उतरवतो. एकाचे हात दुसऱ्याला लावलेले निघाले, तर सहाही चित्रं परत येतील आणि न्यायालयाला, बँकेला, सगळ्यांना मी स्वतः पत्र धाडीन."

ते गेल्यावर चित्रकार त्याच खुर्चीत बसून राहिले. चाळीस वर्षांचे नाव, गुरूंचे नाव, आणि ते सारे एका करंगळीला टांगलेले!

"खरं सांगून टाका ना," पत्नी म्हणाल्या. "मी बसत होते म्हणून सांगा. त्यात लाजायचं काय?"

"अगं, न्यायमूर्तींच्या झग्यातून तुझे हात बाहेर आले आहेत, हे भर सभेत सांगू? लोक हसतील. म्हणतील, याने थोरामोठ्यांना बायकोचे हात चिकटवले."

"चिकटवले कशाला? चांगले दोन-दोन तास बसवलेत की."

चित्रकारांना मात्र तोवर मार्ग सुचला होता. गुरुगृहीचा तो प्लास्टरचा कान त्यांच्या मदतीला धावून आला. हात प्लास्टरच्या नमुन्यावरून काढले, जुन्या गुरूंची तशी पद्धतच होती, असे सांगायचे. दुपारभर ते आरशासमोर हे वाक्य म्हणत होते. पत्नींनी आतून एकदाच विचारले, "प्लास्टरची करंगळी वाकडी का, म्हणून विचारलं तर?" तेव्हा त्यांनी उत्तरात आणखी एक वाक्य वाढवले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता रुग्णालयाच्या लांब ओसरीत सहा थोर पुरुष भिंतीला टेकून, कालक्रमाने, ओळीत उभे होते. नवे चित्र कार्यवाहांनी सकाळीच माणूस पाठवून मागवले होते. पत्नी बरोबर आल्या होत्या. त्या दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. कार्यवाह हातात पट्टी घेऊन करंगळ्या मोजत होते, आणि पाय प्लास्टरमध्ये असलेला एक रुग्ण कुबड्यांवर रेलून मत देत होता.

"तिसऱ्याची जरा जाड वाटते बघा, साहेब."

"तुम्ही आत जाऊन झोपा." कार्यवाह वळले. "पेंटर, संस्थापकांची करंगळी वाकडी, अध्यक्षांची वाकडी, देणगीदारांची वाकडी, आता डॉक्टरांचीही. ही सहा माणसं एकमेकांच्या नात्यातली नाहीत. खुलासा करा."

चित्रकारांनी खाकरून पाठ केलेले सांगितले. प्लास्टरचा नमुना, गुरूंची परंपरा, नमुना पूर्वी एकदा पडल्यामुळे करंगळीला आलेला बाक. आश्चर्य असे की ते साधले. परंपरा हा शब्द ऐकताच कार्यवाहांची पट्टी खाली आली.

"म्हणजे हे तुमच्या शास्त्रात बसतं?"

"बसतं."

"लेखी द्याल?"

"देतो."

"मग प्रश्न मिटला. तसं आधी सांगायचं ना, चित्रकारसाहेब!" कार्यवाहांनी कागद पुढे केला. चित्रकारांनी लेखणी उघडली. चाळीस वर्षांचे नाव बचावले होते.

तेवढ्यात ओसरीच्या टोकाकडून शल्यविशारद आले, आणि त्यांच्या मागून सिस्टर. शल्यविशारद चालत असत ते नेहमी कोणीतरी मरणाच्या दारात असल्यासारखे. आपल्या चित्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. म्हणजे चेहऱ्याकडे पाहिले नाही. ते हातांपाशी वाकले. मग पाचव्या चित्रापाशी गेले, मग चौथ्या, मग एकदम पहिल्यापाशी. आणि तिथून पुन्हा एकेक करीत सहाव्यापर्यंत आले.

"हे काढलंय कोणी?"

"मी," चित्रकार म्हणाले.

"समोर दिसलं तसंच काढलंत? मनचं काही घातलं नाहीत?"

एवढ्या गोंधळातही चित्रकारांचा स्वाभिमान जागा झाला. "रतीभर नाही."

"मग इकडे या. पहिल्या तीन चित्रांत अंगठ्याच्या मुळाशी ही मांसाची गादी बघा. भरलेली आहे. चौथ्यात उतरलीय. पाचव्यात सपाट. आणि इथे, माझ्या चित्रात, चक्क खळगा! मनगटात नस दाबली गेली आहे या माणसाची. किती वर्षं दुखत असेल कोण जाणे. रात्रंदिवस मुंग्या, बोटं बधिर, हातातून वस्तू पडतात. महिन्याभरात मनगट उघडून नस मोकळी केली नाही, तर हा अंगठा पुन्हा काही धरायचा नाही." ते ताठ उभे राहिले. "कोणाचे हात आहेत हे?"

"प्लास्टरचे," कार्यवाह उत्साहाने म्हणाले. "लेखी घेतोय."

"प्लास्टरला नस नसते. हात कोणाचे?"

हातातून वस्तू पडतात, हे शब्द चित्रकारांच्या कानात घुमत होते. चौथा कप. एक सांगितला नव्हता. त्यांनी तो खळगा पाहिला. चार दिवसांपूर्वी त्यांनीच तो रंगवला होता, आणि चांगला साधला म्हणून दोन पावले मागे सरून समाधानाने पाहिलाही होता.

त्यांच्या एका हातात कार्यवाहांचा कागद होता. त्यावर सही केली तर चाळीस वर्षांचे नाव राहत होते. चित्रकारांनी लेखणी मिटली.

"माझ्या पत्नीचे," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "सगळे. या सहांचे, न्यायमूर्तींचे, बँकेतले, ग्रंथालयातले. अडतीस चित्रं, आणि सगळे हात हिचेच. प्लास्टर वगैरे खोटं होतं. ती तिथे बाकावर बसली आहे, डॉक्टर. आधी तिला बघा."

कुबड्यांवरचा रुग्ण म्हणाला, "आता आली का पंचाईत!" पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

शल्यविशारद बाकापाशी एका गुडघ्यावर बसले. त्यांनी मनगटावर बोटाने टकटक केली. "काय होतंय, वहिनी?"

"मुंग्या. थेट टोकापर्यंत."

"केव्हापासून?"

पत्नींनी आठवून पाहिले. "मुंग्या ग्रंथपालांच्या वेळी सुरू झाल्या. बँकेच्या अध्यक्षांच्या वेळी बोटं बधिर व्हायला लागली. कप पडायला लागले ते न्यायमूर्तींपासून."

शल्यविशारदांनी अशा प्रकारे सांगितलेला रोगाचा इतिहास आयुष्यात कधी ऐकला नव्हता. "आणि हात कसा ठेवून बसायचात?"

त्यांनी मनगटे पिशवीच्या कडेवरून खाली वाकवून दाखवली.

"दोन तास? असं? अहो, हे वाकवलेलं मनगट तर दुखण्याला खतपाणी! कोणी सांगितलं असं बसायला?"

चित्रकार जमिनीकडे पाहू लागले. "भारदस्तपणा येतो म्हणून," ते पुटपुटले.

"तुम्ही हा खळगा पाहिलात. पाहिल्याशिवाय काढलाच नसता. मग विचारलं का नाहीत?"

"मला वाटलं, छाया आहे. मी तिथे थोडा तपकिरी रंग वाढवला."

कोणी हसले नाही. चित्रकार पत्नीच्या शेजारी बसले. "तू तरी सांगायचंस गं."

"सांगितलं असतं तर तुम्ही बैठका बंद केल्या असत्या," पत्नी म्हणाल्या. "एरवी तुम्ही दिवसभर कॅनव्हासमागे. तेवढे दोन तास काय ते माझ्याकडे नीट बघायचात. हाताकडे का होईना."

चित्रकारांनी तो हात हातात घेतला. अडतीस वेळा काढलेला तो हात किती हलका आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले.

आता कार्यवाहांना कंठ फुटला. "हे सगळं ठीक आहे. पण फसवणूक ती फसवणूक. सहाही चित्रं आजच्या आज परत जातील."

"एकही जाणार नाही," शल्यविशारद उठत म्हणाले. "ही चित्रं नव्हेत. हे एका रुग्णाचे एकतीस वर्षांचे केसपेपर आहेत, तारीखवार. मी याच्यावरूनच निदान केलंय. आणि रुग्णाचे कागद रुग्णालयाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, हा नियम कोणाचा?"

कार्यवाहांनी हातातल्या पट्टीकडे पाहिले. "माझा," ते म्हणाले. मग त्यांनी पट्टी खिशात घातली आणि स्वतः पहिले चित्र उचलून दालनाकडे निघाले.

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतंत ना?" पत्नींनी सिस्टरांना हळूच विचारले.

"छे! मी फक्त म्हटलं, जाता जाता चित्रं बघून जा. त्यांना सांगितलेलं आवडत नाही. स्वतः सापडलेलं आवडतं."

रविवारचे अनावरण पुढे ढकलले गेले, आणि शनिवारी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, शल्यविशारदांनी आपली अखेरची शस्त्रक्रिया त्या मनगटावर केली. हात तेवढा बधिर केला होता; रुग्ण जागी होती आणि बोलत होती.

"डॉक्टर, तुमच्या कोटाच्या डाव्या खिशाचं अस्तर फाटलं होतं. मी शिवून टाकलंय हं."

"ते तुम्ही शिवलंत?" शल्यविशारद क्षणभर थांबले. "मी घरी बायकोचे आभार मानले. तिने ते घेतलेसुद्धा!"

"कात्री," सिस्टर म्हणाल्या; बोलण्यात थांबलेल्या डॉक्टरांना कामाची आठवण करून देण्याची वेळ त्यांच्यावर अठ्ठावीस वर्षांत प्रथमच आली होती.

पुढे महिन्याभराने निवृत्त शल्यविशारद आपणहून चित्रकारांकडे आले. आता वेळच वेळ आहे, तेव्हा चित्रात आपलेच हात काढावेत, अशी त्यांची इच्छा होती. ते खुर्चीत बसले. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी चष्मा पुसला. चौथ्या मिनिटाला खुर्चीचा सैल खिळा तपासला. सातव्या मिनिटाला त्यांनी कॅनव्हासमागे येऊन चित्रकारांची नाडी पाहिली. अकरा तास उभे राहून ज्यांचे बोट कधी थरथरले नव्हते, ते गृहस्थ दहा मिनिटे हात स्वस्थ ठेवू शकले नाहीत.

"जमायचं नाही मला," शेवटी ते उठले. "वहिनींचेच असू द्या. पण मला एक सांगा, त्या चाळीस वर्षं अशा कशा बसल्या?"

"तोच विचार मी हल्ली करतो," चित्रकार म्हणाले.

दरम्यान बातमी गावभर झाली होती. चित्रकारांनी स्वतःच प्रत्येक संस्थेला पत्र लिहून खरे काय ते कळवले होते आणि परत येणाऱ्या चित्रांसाठी माळ्यावर जागा करून ठेवली होती. एकही चित्र आले नाही. आले ते बँकेच्या दिवंगत अध्यक्षांच्या मुलीचे उत्तर. त्यात इतकेच होते: "आमच्या वडिलांचा हात इतका मायाळू कधीच नव्हता. कृपा करून बदलू नये. मी दर आठवड्याला तिथे जाऊन बघते." ते पत्र चित्रकारांनी पत्नीला दोनदा वाचून दाखवले, आणि दुसऱ्या वेळी त्यांना मध्येच थांबावे लागले.

अनावरण तीन महिन्यांनी झाले. दालन भरून गेले होते. चित्रकारांना बोलायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मला बोलता येत नाही. चेहरे मी काढले. बाकीचं हिचं," आणि खाली बसले. चित्रावर जाड पडदा होता आणि त्याला दोरी होती. ती ओढण्याचा मान, कार्यवाहांनी नियमात बसवून, पत्नींना दिला होता. "उजव्या हाताने, वहिनी," शल्यविशारद पहिल्या रांगेतून म्हणाले. "अंगठा आणि बोट. हळू."

पत्नींनी दोरी अंगठ्यात धरली आणि ओढली. पडदा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढली. पडदा अडकला होता. तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून जी दोरी खेचली, तिच्याबरोबर पडदा, पडद्याची लाकडी दांडी आणि भिंतीतले दोन खिळे असे सारे खाली आले, आणि शेजारी नम्रपणे उभे असलेले कार्यवाह त्याखाली दिसेनासे झाले.

 मग शल्यविशारद खुर्चीवरून ताडकन उठले आणि त्यांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. "आली! ताकद आली!" ते ओरडत होते. "सिस्टर, बघितलंत?" सिस्टर डोळे पुसत होत्या. आणि पडद्याच्या आतूनही, थोडा दबलेला, पण स्पष्ट, टाळ्यांचा आवाज येत होता.

ज्या हातांनी इतक्या थोरांना थोरपण दिले, त्या हातांना दीर्घ आरोग्य लाभो. ज्याने ते बरे केले त्याला निवृत्तीत स्वस्थता नाही तर निदान उद्योग मिळो. जिने न सांगता सांगितले तिची दृष्टी अशीच निर्मळ राहो. पडद्याखालच्या नियमनिष्ठ पुरुषाचेही कल्याण होवो. आणि ज्यांच्या ज्यांच्या समोर रोज कोणी बसलेले असते, त्यांना वेळेवर तिकडे पाहण्याची बुद्धी होवो.